जीव टांगणीला असताना देवापुढे बसायचं कसं?

(चोपडा तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा: यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. केळीचा भाव पडलेला, विकास सोसायटीचं कर्ज थकलेलं. शेतीला रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात मोटर चालू करायला आणि ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायला यांनाच उठावं लागतं. "प्रार्थनेला बसले की एकतर हिशेब सुरू होतात, नाहीतर डोळा लागतो. प्रार्थनासभेतल्या एक बाई म्हणाल्या, विश्वास कमी म्हणून शांती नाही, तीन दिवस उपास धरा. दुसऱ्या म्हणाल्या, खरा विश्वास असेल तर डायलिसिस सोडून दाखवा. मला स्वतःला साखर आहे, गोळ्या चालू आहेत. देवाचा राग येतो, पण बोलायची भीती वाटते. देवाच्या सान्निध्यात विसावा घ्या असं सगळेच सांगतात. तो घ्यायचा कसा ते कोणी सांगत नाही." शिवाय महिला सभेच्या सेक्रेटरीचं काम सोडावं का, असंही त्यांनी विचारलं आहे.)

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

आधी डायलिसिसचं बोलू, कारण त्यात उशीर चालत नाही. एकही पाळी चुकवू नका. शरीरातलं जादा पाणी आणि पोटॅशियम किडनी टाकत होती, ते काम आता मशीन करतं. पाळी चुकली की पाणी फुप्फुसात साचून धाप लागते आणि पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. बागेत घड लटकलेले असून घरधन्याला केळ्याला हात लावता येत नाही, तो याच पोटॅशियमपायी. "सोडून दाखवा" म्हणणाऱ्या बाईंना बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा २० वा अध्याय वाचायला द्या. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला होता. देवाने यशया संदेष्ट्याकरवी त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली आणि त्याच यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. वचन हातात होतं, तरी लेप लागलाच. खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा.

तीन दिवसांचा उपासही नको. साखरेच्या गोळ्या चालू असताना पोट रिकामं राहिलं की साखर एकदम उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, चक्कर येते, आणि हे रात्री दोन वाजता विहिरीजवळ झालं तर कोण बघणार? उपासच करावासा वाटला तर मोबाइलचा करा.

आता मूळ प्रश्न. प्रार्थनेत डोळा लागतो याची तुम्हाला लाज वाटते, असं पत्रावरून दिसतं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. तुमची झोप थकलेली आहे, ती जिथे संधी मिळेल तिथे वसुली करणारच. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली पडला आणि "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला. देवाने त्याला काय दिलं ते क्रमाने बघा. आधी झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू, मग पुन्हा झोप, मग पुन्हा जेवण. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगराला पोचल्यावर. तोवर उपदेशाचा एक शब्द नाही. देवाजवळच्या विसाव्याचा पहिला हप्ता एलीयाला अंथरुणावर आणि ताटात मिळाला. तुम्हालाही तिथूनच सुरुवात करायची आहे.

म्हणून रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात पहाटे चारला उठून प्रार्थना करायचा नेम मोडा. त्या आठवड्यात दुपारी जेवणानंतर वीस-तीस मिनिटं आडवं व्हा, गजर लावून. दीड-दोन तास झोपलात तर रात्रीची झोप आणखी बिघडेल. निजताना स्तोत्र १२१ मधली एकच गोष्ट मनाशी धरा: इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, त्याला डुलकीही येत नाही. कोणीतरी जागं राहायला हवं, या धास्तीने तुम्ही मोटर बंद झाल्यावरही टक्क जागी राहता ना? जागं राहणारा एक आहे. प्रार्थना दिवसाच्या अशा वेळेला न्या, जेव्हा तुम्ही खरोखर जाग्या असता.

अशी वेळ तुमच्याकडे आहे, फक्त तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. डायलिसिस साधारण चार तास चालतं. वजन, फाइल, सुया टोचणं यात सुरुवातीचा वेळ जातो. मशीन लागलं, नर्सने "आता बसा बाहेर" म्हटलं, की त्यानंतरची दहा मिनिटं देवाची. दहाच. एक तास ठरवला तर तिसऱ्या खेपेला मोडेल, आणि मोडल्याचं ओझं आणखी डोक्यावर बसेल.

मोबाइल आवाज बंद करून पिशवीत टाका. काही लागलं तर नर्स नावाने हाक मारते. पाठ भिंतीला टेकवा, चपला काढून दोन्ही तळवे फरशीवर ठेवा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात ती फरशी तेवढीच गार लागते. हात मांडीवर, पंजे उघडे. आता सहा श्वास मोजा: आत घेताना मनात तीनपर्यंत, सोडताना सहापर्यंत. सोडायचा श्वास लांबला की छातीतली धडधड मंदावते. ही अजून प्रार्थना नाही. घाबरलेल्या शरीराला जरा बसवायचं, म्हणजे मन ऐकायच्या स्थितीत येतं, इतकंच. काहींना हे परक्या धर्माचं वाटून खटकतं. श्वास देवानेच नाकपुड्यांत फुंकलेला आहे, उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचा आणि निर्धास्त मोजा.

मग शास्त्रातली एकच ओळ, आठवडाभर तीच. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या" श्वास घेताना, "म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" सोडताना. लांब वाटली तर "माझ्याकडे या" आणि "विसावा देईन" एवढंच धरा. बहुतेक जण इथे स्तोत्र २३ घ्यायला सांगतात. तुम्ही सध्या घेऊ नका, असं आमचं मत. "मला काही उणे पडणार नाही" म्हणताना सोसायटीची नोटीस डोळ्यांपुढे येईल, शब्द घशात अडकतील आणि आपण देवापुढे खोटं बोलतोय असं वाटत राहील. त्या स्तोत्राची वेळ येईल तेव्हा घ्या. एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणणं म्हणजे पोपटपंची, असंही कोणी सुनावेल. गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली आणि मत्तय लिहितो की तिसऱ्या वेळीही शब्द तेच होते. फार दुःखात माणसाला नवे शब्द सुचत नाहीत. त्याचीही गरज नाही.

चार-पाच मिनिटं ओळ म्हटल्यावर ती सोडून द्या आणि दोन मिनिटं नुसत्या बसा. मागायचं काही नाही, सांगायचं काही नाही. हेच सगळ्यात अवघड जातं. शेवटी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे थांबा. भाकर आजची मागायची आहे. मार्चअखेरचं देणं त्या ओळीत बसत नाही, ते बसवायचा प्रयत्न करू नका. त्याची जागा वेगळी आहे, ती आता सांगतो.

हिशेब मनात येणारच. ते हाकलायला गेलात की दुप्पट जोराने येतात, कारण "हे विसरू नकोस" हे मनाचं कामच आहे. मनाला एकदा खात्री पटली की गोष्ट कुठेतरी लिहून ठेवली आहे, की ते मागे लागत नाही. म्हणून पिशवीत दहा रुपयांची वही आणि पेन ठेवा. दहा मिनिटांत जे आठवेल ते तीन-चार शब्दांत लिहा आणि ओळीवर परत या: "सोसायटीचे सचिव", "ठिबकची नळी फुटली", "पोराची फी", "वजन दोन किलो वाढलं". दहा मिनिटं संपल्यावर प्रत्येकापुढे खूण करा. या आठवड्यात माणसाच्या हातून होण्यासारखं असेल तर कोण करणार त्याचं नाव. तसं नसेल तर "देवाकडे". दोन पाळ्यांचं वजन डॉक्टरांना दाखवायचं हे काम तुमच्या हातातलं आहे, किडनी पुन्हा चालू करणं नाही. ही वाटणी कागदावर उतरली की पुष्कळ गुंता सुटतो.

ज्या ओळींपुढे "देवाकडे" लिहिलंत त्यांचं काय करायचं, ते पुन्हा हिज्कीयाकडूनच शिकू. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं (२ राजे १९). सारांश सांगितला नाही, पत्रच उघडून दाखवलं. तुम्हीही तसंच करा. घरी एकट्या असताना सोसायटीची नोटीस, रक्ताचा रिपोर्ट, व्यापाऱ्याची काटापट्टी जमिनीवर उघडून ठेवा आणि म्हणा, "प्रभू, हे तू वाच." आकडे मोठ्याने वाचून दाखवा. क्रिॲटिनिनचाही (रक्ताच्या रिपोर्टात किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि कर्जाचाही. देवाला ते माहीत आहेत हे खरं, पण तुम्ही ते त्याच्यासमोर कधी ठेवलेले नाहीत. प्रार्थनेला बसलं की कागद कपाटात आणि उठलं की पुन्हा डोक्यात, असंच आजवर चालत आलं आहे.

रागाचं लिहिलंत ते बरं केलंत. देवाचा राग येणाऱ्या माणसासाठी शास्त्रात जागा राखून ठेवली आहे. १५० स्तोत्रांतली कितीतरी विलापाची आहेत, आणि रविवारच्या उपासनेत आपण ती फारशी वाचत नाही, ही आपल्या मंडळ्यांची उणीव आहे. स्तोत्र १३ उघडा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा "कोठवर?" विचारतो: कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील. पुढच्या दोनमध्ये मागणं मागतो, अगदी थेट: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोनमध्ये भरवसा. तक्रार, मागणं, भरवसा, या क्रमाने तुम्ही स्वतःचा विलाप लिहा, प्रत्येकी दोन-दोन वाक्यांत. नमुना म्हणून: "प्रभू, कोठवर मी रात्री मोटरीजवळ आणि दिवसा दवाखान्यात बसू? तुला आमचं घर दिसतं की नाही? यांची धाप कमी कर. या महिन्याच्या हप्त्याला वाट दाखव. तू आजवर सोडलं नाहीस. उद्याही सोडणार नाहीस, असं मी धरून चालते." घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच लिहा. "देवा, कितला दिन? मी थकी गऊ." यापेक्षा खरी प्रार्थना पुस्तकी मराठीत सापडायची नाही.

आणि एखाद्या दिवशी शेवटच्या दोन ओळी लिहवल्याच नाहीत तर? कोऱ्या सोडा. स्तोत्र ८८ अठरा ओव्यांचं आहे आणि अंधारातच संपतं. भरवशाची ओळ नाही म्हणून ते कोणी शास्त्रातून काढून टाकलं नाही. एवढं मात्र ध्यानात घ्या की तेही सबंध देवालाच उद्देशून आहे. शेजारणीजवळ देवाची तक्रार करणं आणि देवाजवळच देवाची तक्रार करणं यात फरक आहे. दुसऱ्यात तुम्ही अजून त्याच्यापुढेच बसलेल्या असता.

महिना-दोन महिने असं करूनही कदाचित "शांती वाटत नाही" असं तुम्ही लिहाल. मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळात सापडलेली होडी आठवा. शिष्य घाबरून ओरडले, "गुरुजी, आम्ही बुडतो याची आपल्याला काळजी नाही काय?" मार्क सांगतो, प्रभूने आधी वारा आणि समुद्र शांत केला आणि मगच त्यांना विश्वासाबद्दल विचारलं. घाबरून मारलेली हाक त्याने फेटाळली नाही. प्रभू सबंध वेळ नावेतच होता, शिष्यांच्या पोटात गोळा होता तेव्हाही. तुम्हाला काय वाटतं यावरून तो जवळ आहे की लांब हे ठरवू नका. त्यापेक्षा इतर खुणा बघा: मुलांवर खेकसणं थोडं कमी झालं का, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवशी एखादा तास हिशेबाशिवाय गेला का, पहाटे जाग आल्यावर पुन्हा डोळा लागतो का. बदल येतो तो असल्या बारीक जागी, आणि तो बहुधा दुसऱ्याला आधी दिसतो.

काही गोष्टींनी हे सगळं हमखास बिघडतं. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, ही सवय सोडा. एखाद्या दिवशी बोट विलापगीतावर पडेल आणि आठवडा हातचा जाईल. दवाखान्यात चार तास कानात यूट्यूबचे संदेश लावून बसू नका. एखादं गीत ठीक, पण सतत कोणीतरी बोलत असेल तर तुम्ही बसणार कधी? आणि उपासनेतल्या साक्षी ऐकून आपलं मोजमाप करू नका. साक्ष संकट सरल्यावर दिली जाते, तुम्ही अजून मधल्या वाटेवर आहात. मरीया प्रभूच्या पायांशी ऐकत बसली आणि मार्था कामातच गुंतली, ही मार्था-मरीयेची गोष्ट सांगून कोणी टोमणा मारला तर सोडून द्या. मार्थेच्या घरी डायलिसिसचा पेशंट नव्हता.

एकटीने हे निभणार नाही, आणि निभवायचंही नाही. निर्गम १७ मध्ये लढाई चालू असताना हात वर धरून मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा आणून दिला, मग एकेका बाजूने हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. मंडळीला "आमच्यासाठी प्रार्थना करा" एवढंच सांगितलं तर लोक मान डोलावून घरी जातात. काय हवं ते नेमकं सांगा. डायलिसिसच्या दोन दिवशी संध्याकाळचा डबा. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात दोन रात्री मोटरीवर तरुण संघातला एखादा मुलगा. महिन्यातून एकदा जळगावला तुमच्याऐवजी यजमानांसोबत कोणीतरी, म्हणजे तुम्हाला एक पूर्ण दिवस मोकळा. पाळकसाहेबांना घरी येऊन प्रभुभोजन द्यायला सांगा. घरी बोलावताना अवघडू नका, आजाऱ्याकडे जाणं हे पाळकाचं कामच आहे. आणि देवाच्या रागाबद्दल जे आम्हाला लिहिलंत ते त्यांनाही सांगा. ते भले असतील तर दचकणार नाहीत.

एक गोष्ट मात्र विसाव्याच्या सदरात बसत नाही. सलग दोन आठवडे लाइट नसलेल्या रात्रीही झोप येत नसेल, जेवण उतरत नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा "मी नसले तर बरं" असा विचार एकदाही आला, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून उपासाने सोडवू नका. त्याला औषध आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. जळगावला तुमची फेरी होतेच, त्याच दिवशी जाऊन या. आपल्या साखरेच्या तपासणीचंही त्याच फेरीत उरका, गेल्या वेळेची तारीख तुम्हाला आठवत नसेल असा आमचा अंदाज आहे.

राहिलं सेक्रेटरीचं काम. सोडा. सहा महिन्यांसाठी सोडा आणि तसंच सांगा, म्हणजे "देवाचं काम टाकलं" अशी टोचणी लागणार नाही आणि कोणाला बोलायलाही जागा उरणार नाही. रजिस्टर, वर्गणीची पावतीपुस्तकं आणि शिल्लक रक्कम अध्यक्षीणबाईंच्या हाती मोजून द्या, सही घ्या. सभेला जायला मात्र सोडू नका. मागच्या ओळीत बसा. गाता आलं तर गा, नाही आलं तर इतरांचं ऐका. प्रार्थना सुचवायची पाळी आली तर "माझ्याऐवजी तुम्ही करा" म्हणा. आणि त्या दोघी बाई आल्याच, तर यजमानांच्या पुढच्या पाळीची तारीख त्यांना सांगा आणि डबा कोण आणतंय ते विचारा.